टचिंगबाईंची भिंत

गल्लीत त्यांना टचिंगबाई म्हणत. खरं नाव एकट्या पोस्टमनला ठाऊक होतं, आणि टपाल यायचं बंद झाल्यापासून त्याच्याही ते लक्षात असेल असं वाटत नाही. हे नाव पडलं कामावरून. बाईंनी उभी हयात एका फोटो स्टुडिओत काढली. मोबाईलने फोटोग्राफरांच्या पोटावर पाय दिला त्याच्या आधीचे ते दिवस. फोटो निघाला की त्याची निगेटिव्ह बाईंच्या तिरक्या टेबलावर यायची. खालून दिव्याचा उजेड, हातात सुईसारखं टोक केलेली पेन्सिल. मग बाई त्या चेहऱ्यावरचं जे जे नको ते ते नाहीसं करायच्या. मुरुम, जुने व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावर कायमच्या बसलेल्या काळजीच्या रेघा. "देवाने घाईत उरकलेलं काम आमच्या बाई निवांत बसून दुरुस्त करतात," असं मालक गिऱ्हाइकांना मोठ्या अभिमानाने सांगत. बाईंनी पगारवाढीचा विषय काढला की हेच मालक छताकडे बघत बसत, ती गोष्ट वेगळी.

मालकांचा एक नियम होता. स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा होता, त्यावर बाग, कारंजं आणि कुठेच न जाणारा एक संगमरवरी जिना. त्या पडद्यापुढे बसलेल्या माणसाला पडद्यामागचं काही विचारायचं नाही. बाही उसवलेला माणूस तो हात पाठीमागे धरून बसे, भांडून आलेली नवरा-बायको खांद्याला खांदा लावून हसत, आणि बाईंना हे सगळं पहिल्या नजरेत दिसे. एकदा एक तरुण मुलगी आली, गालावर निळा डाग. "माहेरी पाठवायचाय," एवढंच म्हणाली. बाईंनी तो डाग इतका बेमालूम घालवला की फोटो हातात घेऊन ती पोरगी बराच वेळ नुसती बघत राहिली, आणि निघून गेली. बाईंनी काही विचारलं नाही. विचारायचं नसे.

पुढे स्टुडिओ बंद पडला. मालक गेले. बाईंचे यजमान गेले. मुलगा नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला तो तिकडचाच झाला, त्याला बायको आली, मुलगी झाली, तिला सगळे छोटीच म्हणत. राहिल्या बाई आणि यजमानांनी बांधलेलं ते बैठं घर. एकटं राहायचंही एक वळण पडतं. दूध तापवताना शेगडीपाशीच उभं राहायचं, कारण तेवढाच उद्योग. कुणी पत्ता चुकून बेल वाजवली तर त्याला नीट, सविस्तर, कोपऱ्यापर्यंत सोबत जाऊन पत्ता सांगायचा. एखाद्या दिवशी संध्याकाळी दुकानदाराशी बोलायला तोंड उघडलं की आवाज घोगरा निघायचा, आणि तेव्हा बाईंच्या ध्यानात यायचं की सकाळपासून आपण कुणाशी एक शब्दही बोललेलो नाही.

पण 'ये' म्हणून त्यांनी कधी कुणाला म्हटलं नाही. बहिणीला नाही, भाचरांना नाही, पोटच्या पोरालाही नाही. कुणी आलं तर करतील सगळं, पण आपण होऊन बोलावणार नाहीत. बोलावलं म्हणजे गरज आहे असं दिसतं, आणि बाईंचा जन्म गेला होता ते दिसू न देण्यात.

मुलाचं काही महिने एकच पालुपद चाललं होतं. "आई, घर आता थकलंय. सगळीकडून रंग उडालाय. विकून टाकू आणि तू इकडे ये."

बाई एकदा तिकडे राहून आल्या होत्या. सूनबाई वागायला वाईट नव्हती, उलट फारच चांगली होती, हॉटेलातल्या माणसासारखी. काय हवं, काय नको, सतत विचारायची. बाई तिथे नळ हळू सोडायला शिकल्या, चप्पल न वाजवता चालायला शिकल्या, शेगडीला हात लावण्याआधी 'लावू का?' म्हणायला शिकल्या. पाहुण्याने पाहुणं तरी किती दिवस राहायचं? परत आल्या तेव्हा आपल्या घरात शिरल्याबरोबर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर नळ धो धो सोडून दिला आणि तो आवाज ऐकत उभ्या राहिल्या.

म्हणून बाईंनी तोड काढली. "घराला काही झालेलं नाही. बाहेरून रंग काढून घेते, बघशील."

"ठीक आहे," मुलगा म्हणाला. "पण हे शेवटचं हं आई. पुन्हा त्या घराचं काही निघालं तर मी तुझं ऐकणार नाही. सरळ विकायचं." आणि बाई हो म्हणाल्या.

कंत्राटदार सुचवला समोरच्या घरातल्या वहिनींनी. ह्या वहिनींना बाई मनातल्या मनात 'दुर्बीण' म्हणत, कारण गल्लीत पाखरू जरी उतरलं तरी ते त्यांच्या खिडकीतून सुटत नसे. कंत्राटदार मात्र गडी बोलका होता. दर वाक्यागणिक त्याच्या तोंडी गॅरंटी. भेगांत लांबी भरायची? गॅरंटी. रंगाची छटा? गॅरंटी. चहात साखर जास्त झाली का विचारलं तरी म्हणाला, "नाही काकू, गॅरंटी." बाईंनी त्याचं नावच गॅरंटी ठेवलं.

घराला फेरी मारून तो बाथरूमच्या बाजूच्या भिंतीपाशी थांबला. बोटांच्या पेरांनी तिच्यावर टकटक केलं, तळवा टेकवला, आणि त्याचा चेहरा जरा उतरला.

"काकू, हिच्यात ओल आहे. आतला पाइप गळत असणार. आधी भिंत फोडून पाइप बदलू, मग रंगाचं बघू."

फोडायचं म्हटल्यावर बाईंच्या डोळ्यांपुढे सगळंच आलं. फरशा उचकटणार, प्लंबर येणार, घरभर धूळ होणार, आणि मुलाच्या कानावर जाणार. 'घराचं काही निघालं तर' म्हणाला होता, ते हेच की.

"फोडायबिडायचं काही नाही," बाई म्हणाल्या. "वरून नीट टचिंग करून घ्या."

"टचिंग?"

"म्हणजे डाग तेवढा दिसेनासा करा."

गॅरंटी डोकं खाजवत उभा राहिला. त्याला कळत होतं. पण त्याचंही पुढचं काम खोळंबलं होतं, आणि गिऱ्हाईकच सोपं काम सांगतंय तर अवघड करायची हौस कुणाला असते? त्याने त्या भिंतीवर ओल अडवणारं काहीतरी फासलं, वरून लांबीचे दोन हात दिले, वरून रंग. आणि सवयीने गॅरंटीही देऊन टाकली.

रंगकाम चाललं ते दिवस मात्र बाईंचे फार मजेत गेले. घराभोवती बांबू बांधलेले, वर माणसं, त्यांच्या रेडिओवर गाणी, खालून वर हाका. "काकू, पाणी." "काकू, जरा खिडकी लावून घ्या." मुलगा तिकडून फोनवर उंटावरून शेळ्या हाकत होता, प्रायमर मारला का, दुसरा हात कधी, आणि गॅरंटी त्याला "हो साहेब, हो साहेब" करत होता. बाई दिवसातून कितीदा तरी चहा टाकत. एका रंगाऱ्याने म्हटलंसुद्धा, "काकू, एवढ्या चहाने आम्ही रात्रीचे झोपत नाही." काम संपलं, बांबू सोडले, टेम्पो गेला. त्या संध्याकाळी बाईंनी नेहमीच्या सवयीने मोठं पातेलं गॅसवर चढवलं आणि मग बाजूला ठेवून लहान घेतलं.

घर दिसायला लागलं होतं झकास. फिकट पिवळं, खिडक्यांना पांढरी कड. दुर्बीणसुद्धा म्हणाली, "छान झालं हो," आणि दुर्बिणीला छान म्हणायला काय कष्ट पडतात ते गल्लीला माहीत आहे.

मग एका सकाळी बाई बाजूच्या बोळात कपडे वाळत घालायला गेल्या, तर त्या भिंतीवर नाण्याएवढा फुगा. बाईंनी अंगठ्याने दाबला. आतून पाण्याचा एक थेंब आला आणि भिंतीवरून ओघळत खाली गेला. दुसऱ्या दिवशी शेजारी आणखी दोन. आठवडाभरात फुगे फुटून पोपडे सुटले, कडा वळल्या, आणि खालून जुना हिरवा रंग वर डोकावायला लागला.

बाईंनी गॅरंटीला फोन लावला. "उद्या येतो काकू." कंत्राटदाराचा उद्या कुठल्या कॅलेंडरात असतो ते अजून कुणाला सापडलेलं नाही. बाईंनी दोनतीनदा फोन केला आणि मग आपलं जुनं हत्यार बाहेर काढलं. त्याच छटेच्या रंगाचा लहान डबा आणला, बारीक ब्रश आणला आणि सकाळी गल्ली जागी व्हायच्या आत बोळात उभ्या राहून टचिंग करायला लागल्या. पोपडा हलक्या हाताने काढायचा, जागा पुसायची, रंगाचा ठिपका, त्याच्या कडा बोटाने पसरायच्या. हात अजून तसाच होता. पाच फुटांवरून काही कळलं नसतं. पण चेहरा ओंजळीएवढा असतो आणि भिंत भिंतीएवढी. बाई इकडचं बुजवीत तोवर तिकडचं सुटे, आणि काल बुजवलेलं आज आपल्या नव्या रंगासकट खाली पडलेलं असे.

"अहो, तुमच्या भिंतीला नायटा झालाय की काय?" दुर्बिणीने विचारलं.

"उन्हाने होतं तसं," बाई म्हणाल्या.

"त्या बोळात ऊन कधी येतं?"

बाई घरात गेल्या.

खरी पंचाईत रविवारी व्हायची. दर रविवारी दुपारी मुलाचा व्हिडिओ कॉल येई. आधी बाई घरात कुठेही बसून बोलत. आता खुर्ची पुढच्या अंगणात, पुढच्या भिंतीला अगदी चिकटून. मागे पिवळाधमक रंग, खिडकीची पांढरी कड, कोपऱ्यात फुलांची कुंडी. बाईंनी ती जागा फोनमध्ये बघून बघून पक्की केली होती, मालकांनी पडद्यापुढची खुर्ची पक्की केली होती तशी.

"वा, मस्त दिसतंय गं," मुलगा म्हणाला. "बाकीच्या बाजू दाखव ना."

"आता नको, उजेड बरा नाही."

"भर दुपारी?"

"भर दुपारीच तर फोटो वाईट येतो. तुला काय कळतंय त्यातलं." तो हसला आणि विषय गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही. बाई बोलत असत मुलाशी, पण त्यांचं सगळं लक्ष असे फोनच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या चौकोनाकडे. आपल्या मागे काय दिसतंय, किती दिसतंय. समोरच्या मोठ्या चौकोनात पोरगा काय सांगतोय, कसा दिसतोय, ह्याकडे महिनोन्महिने त्यांचं नीट लक्षच गेलं नव्हतं.

ते गेलं एका रविवारी, आणि तेही फोनच्या कृपेने. बोलता बोलता चित्र गोठलं. आवाज बंद, मुलाचं तोंड अर्धवट उघडं, हात हवेत. इतर कुणी 'हॅलो हॅलो' करत बसलं असतं. बाईंच्या हातात मात्र किती वर्षांनी एक फोटो आला होता. त्यांनी चष्मा पुसला, फोन जवळ घेतला आणि सवयीने वरच्या डाव्या कोपऱ्यापासून बघायला सुरुवात केली.

डोळ्यांखाली वर्तुळं. कॉलरला इस्त्री नाही. उजेड एकाच बाजूने पडलेला, नाकाची सावली काळीकुट्ट, म्हणजे भर दुपारी खोलीत दिवा लावलाय आणि खिडकी जवळ नाही. मागे तो निळा पडदा. हा पडदा बाई कधीपासून बघत होत्या, पण त्यावर घडीच्या उभ्याआडव्या रेघा आहेत हे आज दिसलं. पडदा कुणी घडी घालून ठेवत नाही. आणि अगदी वर, उजव्या कोपऱ्यात, चौकटीच्या काठावर अर्धा कापलेला, एक लाल ठिपका. बाईंनी डोळे बारीक केले. तो कपडे वाळत घालायचा चिमटा होता.

पडद्याला लावलेले असले चिमटे बाईंनी आयुष्यभर फोटोच्या कडांवरून कापून टाकले होते. त्यांना चुकेल ते?

चित्र पुन्हा हलायला लागलं. "ऐकू येतंय का आई?"

"येतंय," बाई म्हणाल्या. "छोटी कुठे आहे?"

"क्लासला गेली."

मागच्या रविवारी ती झोपली होती. त्याच्या मागच्या रविवारी मैत्रिणीकडे होती. सूनबाई कधी बाजारात, कधी आंघोळीला. पूर्वी हाच मुलगा फोन घेऊन घरभर फिरायचा, हे नवीन कपाट बघ, ही बाल्कनी बघ. आता जागचा हलत नव्हता. बाईंनी त्या दिवशी काही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर त्या त्याच खुर्चीत, त्याच पिवळ्या भिंतीपुढे, ऊन उतरेपर्यंत बसून राहिल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे बाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी त्यावरच पोट भरलं होतं. पण तो सगळा आठवडा त्यांना ती निळ्या डागाची पोरगी आठवत राहिली. तिच्या आईने तो फोटो बघितला असेल, आणि म्हणाली असेल, बरी दिसते आहे हो आपली लेक. बाई रात्रीच्या जेवणाला बसल्या आणि घास तोंडापर्यंत नेऊन परत ताटात ठेवला. माझं पोर तिकडे कसं आहे? हे विचारायचं कसं? विचारलं तर तो म्हणणार, मजेत आहे आई. पडद्यापुढे बसलेलं माणूस दुसरं काय म्हणतं? उपाय एवढाच होता, आधी आपण आपला पडदा काढायचा. आणि पडदा काढला की घर गेलं. त्याने सांगून ठेवलं होतं, ह्यांनी हो म्हणून ठेवलं होतं.

रविवारी बाईंनी खुर्ची उचलली आणि बाजूच्या बोळात नेऊन ठेवली. कॉल आला.

"आई, आज कुठे बसलीस? मागे काय आहे ते?"

"भिंत आहे. बघ." बाईंनी फोन फिरवला. सावकाश, वरून खाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पोपडे, ओलीचे नकाशे, त्यावर त्यांच्या ब्रशाचे ठिगळासारखे ठिपके, खाली जमिनीवर पडलेला कचरा. काही राहू दिलं नाही.

"हे कधीपासून?"

"तू वा मस्त म्हणालास ना, त्याच्याही आधीपासून."

"म्हणजे तू इतके दिवस मला खोटं सांगत होतीस?"

"खोटं नाही रे. टचिंग करत होते."

तो हसला, मग त्याचं त्यालाच हसू नकोसं झालं. "आई, मी तुला काय म्हटलं होतं—"

"माहीत आहे. विक म्हणशील. म्हण, मी शब्द फिरवणार नाही. पण त्याआधी तुझ्या मागची ती चादर काढ."

"कसली चादर? पडदा आहे तो."

"पडद्याला चिमटा लावत नाहीत, बाळा. माझा जन्म गेला ह्यात."

त्याने मान वळवून वर बघितलं, बरोबर त्या कोपऱ्याकडे. मग चित्र हललं, एक हात वर गेला, आणि निळा पडदा सर्रकन खाली आला.

लहानशी खोली. भिंतीला भिंत लागून. दोरीवर शर्ट. एकावर एक खोकी, त्यांची चिकटपट्टीसुद्धा सोडलेली नाही. खाली गादी, स्टुलावर एकच ताट.

"त्या दोघी जुन्याच घरी आहेत," तो म्हणाला. "वर्ष होत आलं. कुणाची चूक वगैरे नाही आई. म्हणजे असेल, पण आता ते... छोटी येते शनिवारी. कधी येते, कधी नाही."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू भिंत का नाही दाखवलीस?"

वर्षभर बाईंनी मनातल्या मनात सुनेला काय काय दूषणं दिली होती! घर विकायचं खूळ तिचंच, पैशावर डोळा तिचाच. आणि ती बिचारी त्याच्याबरोबर राहतसुद्धा नव्हती.

"मग मला घर विकून ये ये म्हणत होतास ते?"

"तू आली असतीस तर दोन खोल्यांचं घर घ्यावं लागलं असतं ना," तो म्हणाला. फोनकडे न बघता, खाली बघत. "मग घरी आल्यावर कुणीतरी असतं."

'ये' बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण वळण जन्माचं, ते असं एका दुपारी थोडंच जातं? त्या म्हणाल्या, "जेवलास का?"

"जेवलो." मग जरा वेळाने तो म्हणाला, "भिंत फोडून घे आई. नीट करून घे. विकायचं राहू दे आता."

"आणि रंग?"

"रंगाला मी येतो. वाळली की सांग. लहानपणी बाबांबरोबर फाटक रंगवलं होतं मी, आठवतं?" आणि लगेच, "म्हणजे, सुट्टीचं बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई गॅरंटीच्या चालू कामावर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना बघून तो शिडीवरच थिजला. त्याला वाटलं, आता चार माणसांत शोभा होणार.

"काकू, मी उद्या येणारच होतो, गॅरंटी—"

"गॅरंटी राहू द्या. मी सांगितलं म्हणून तुम्ही केलंत, मला माहीत आहे. आता तुम्ही म्हणाला होतात तसं करा. फोडा."

भिंत फोडली तेव्हा मुलाने कामावरून फोन लावला होता. बाईंनी फोन खिडकीच्या कठड्यावर डब्याला टेकवून उभा केला. ह्या वेळी त्याने प्रायमर विचारला नाही, काही हुकूम सोडले नाहीत. घणाचे घाव पडत होते, गिलावा ढासळत होता, आणि तो नुसता बघत होता. पाइप सापडला. सांध्यापाशी गंजून त्याला छिद्र पडलं होतं, केसाएवढी धार, किती वर्षं चालली होती कोण जाणे. गॅरंटी म्हणाला, "साहेबांना जवळून दाखवू का?" बाई म्हणाल्या, "दिसतंय त्याला."

नवा पाइप बसला, नवा गिलावा झाला. "आता वाळू द्यायची काकू," गॅरंटी म्हणाला. "घाई केली की पुन्हा तेच. रोज हात लावून बघत जा." बाई रोज हात लावत. सकाळी गार लागे, दमट लागे. पिवळ्या घराला एका बाजूने राखाडी भिंत, आणि दुर्बीण येणाऱ्याजाणाऱ्याला ती खिडकीतून दाखवी. दर रविवारी मुलगा विचारी, "वाळली का?" बाई म्हणत, "अजून ओली आहे रे." तो म्हणे, "बरं." मग दोघं इकडचं तिकडचं बोलत. आता चादर नव्हती. त्याने एक खोकं उघडलं होतं, त्यातून निघालेली इस्त्री त्याने आईला दाखवली.

मग गॅरंटी रंगाचे डबे घेऊन आला. भिंतीवर पेरांनी वाजवलं. "खडखडीत वाळलीय काकू. काढून टाकू रंग?"

"नको."

"नको?"

"थांबा जरा. हिचा रंगारी यायचाय." गॅरंटीला काही कळलं नाही, पण चहा पिऊन तो गेला.

त्या रविवारी कॉल आला तेव्हा बाई बोळातच बसल्या होत्या. मुलगा दमलेला दिसत होता. शनिवारी छोटी आली नव्हती, हे त्याने न सांगता बाईंना कळलं.

"वाळली का?" त्याने विचारलं. आणि विचारण्याच्या सुरातच बाईंना ऐकू आलं की 'नाही' म्हटलं तर त्याला बरं वाटेल. सुट्टी मागितली नव्हती त्याने. त्या घरात यायचं, बाबांच्या फाटकातून एकट्याने आत शिरायचं, दुर्बिणीने 'सूनबाई नाही आल्या?' विचारायचं, ह्याला त्याचं मन धजत नव्हतं. 'अजून ओली आहे' म्हणायला काय लागत होतं? एवढासा ठिपका, कडा बोटाने पसरल्या की झालं. तो 'बरं' म्हणाला असता आणि रविवार नीट पार पडला असता.

बाईंनी मागे हात नेऊन तळवा भिंतीवर टेकवला. भिंत कोरडी होती, खरबरीत, आता गार लागत नव्हती.

"वाळली," त्या म्हणाल्या. "कधीच वाळली. ये."